अकरावं प्रकरण वगळून

रविवार, १ जानेवारी. दुपार

विमा कंपनी निवृत्त माणसांना दरवर्षी एक डायरी पाठवते. यंदा वापरायचं ठरवलं. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं तेच लिहिता येईल.

तब्येत उत्तम. झोप उत्तम. व्हर्जिलला एकट्याने राहणं जमायचं नाही, असं अख्ख्या लिंडाल गावाचं मत होतं. सात आठवडे झाले, जमलंय. नुकसान दहा टक्क्यांच्या आत. गारपीट झाली की लोकांच्या शेतात फिरून पिकाचं किती टक्के गेलं ते सांगायचं, हे काम एकतीस वर्षं केलं. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

माझी बायको मार्डेल. गावच्या लायब्ररीत ती दर शनिवारी दहा ते अकरा मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. हा माळ फोडायला जी पहिली कुटुंबं आली, त्यांच्यावरच्या जुन्या कादंबऱ्या. वाचायची आणि गप्पा मारायची. सव्वीस वर्षं. नोव्हेंबरपासून मार्डेलची गैरहजेरी असल्यामुळे तास बंद आहे. तो मी चालवणार. लायब्ररीवाल्या लव्हॉनला तसं सांगूनही टाकलं. ती नूडल्सचं भांडं घेऊन आली होती. म्हणाली, व्हर्जिल, तू? मग म्हणाली, बरं. मग बराच वेळ भांड्यावरचं झाकण नीट बसवत राहिली.

लायब्ररीच्या समितीची अट आहे. मार्चअखेर शनिवारी पाच मुलंही येत नसतील, तर ती खोली लोकांचे आयकराचे फॉर्म भरून देणाऱ्या मंडळींना द्यायची. पाच म्हणजे काहीच नाही. मार्डेलचा तास बंद पडू द्यायचा नाही, एवढं पक्कं. बाकी यंदा काही ठरवलेलं नाही.

गुरुवार, ५ जानेवारी

तयारी पूर्ण. पुस्तक मार्डेलचं नेहमीचंच, अँडर्स आणि सिग्ने या डॅनिश नवराबायकोचं. माळावर येतात, मातीची ढेकळं रचून घर बांधतात, पहिला हिवाळा काढतात. लायब्ररीत नऊ प्रती आहेत. मी स्वतः ते कधी सबंध वाचलेलं नाही, पण घरात सव्वीस वर्षं ऐकू येत होतं.

मार्डेलची पद्धत ढिली होती. वाचून झालं की पुस्तक मांडीवर पालथं ठेवायची आणि मुलं काय बोलतात ते ऐकत बसायची. गुण नाहीत, नोंदी नाहीत. मी पहिल्या दोन प्रकरणांवर वीस-वीस प्रश्न काढलेत. नमुना: तीन फूट जाडीच्या भिंतीला माळाची किती जमीन सोलावी लागेल? मुलांना असल्या गोष्टींची मजा वाटते. मला तरी वाटते.

शनिवार, ७ जानेवारी

प्रचंड यश.

नऊ मुलं. एकेकाने येऊन माझ्याशी हात मिळवला. मग सगळी ताठ बसली. पहिली दोन प्रकरणं वाचली. चाळीस प्रश्न विचारले. एकानेही बोट वर केलं नाही, म्हणजे विचार चालू होता. मार्डेलच्या वेळी याच खोलीतून रस्त्यापर्यंत आरडाओरडा ऐकू यायचा. आज भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

कुबिचेकांचा टायरेल, वय सात, याने तर तासभर दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. इतकी उत्सुकता मी आजवर पाहिली नाही. त्याची बहीण जनेल अकरा वर्षांची आहे, समजूतदार वाटते. जाताना तिने विचारलं की मी जेवलो का. सकाळचे अकरा वाजले होते.

शनिवार, १४ जानेवारी

आठ मुलं. एकाला सर्दी.

प्रकरण तीन व चार. अँडर्स नांगर घालतो. त्या अनुषंगाने एकोणीसशे अडुसष्टच्या गारपिटीची माहिती सांगितली. पन्नास मिनिटं कशी गेली कळलं नाही. दोन मुलांनी डोळे मिटून ऐकलं.

जनेलने विचारलं की अँडर्सच्या आधी ती जमीन कुणाची होती, तिथे जी माणसं राहत होती ती कुठे गेली. प्रश्न माझ्या कागदावर नव्हता. म्हटलं, शेवटी ‘इतर विषय’ मध्ये घेऊ. शेवटी वेळ उरला नाही.

लव्हॉन दार लावताना म्हणाली, व्हर्जिल, त्यांना थोडं बोलू दे की. म्हटलं, बोलायला मी अडवलंय कुणाला? चाळीस वेळा विचारलं. तिला शिकवण्याच्या शास्त्रातलं फारसं कळत नाही.

बुधवार, १८ जानेवारी. संध्याकाळ

पुढची प्रकरणं आधीच वाचून ठेवावीत म्हणून बसलो. दहापर्यंत ठीक. अकराव्यात सिग्ने आजारी पडते. घरात लहान मुलं, दुसरं कुणी मोठं माणूस नाही. जमीन गोठून दगड झालेली, खड्डा खणता येत नाही. मग अँडर्स तिला घराला लागून असलेल्या छपरात ठेवतो, मार्चपर्यंत. रोज पहाटे गाईची धार काढायला जाताना छपराच्या दाराशी थांबून तिला आज हवा कशी आहे ते सांगतो.

तिथे पुस्तक मिटलं. तर्काला धरून नाही. छपाईही बारीक आहे आणि दिवा मंद. शिवाय लहान मुलांच्या मनावर परिणाम होतो. अकरावं प्रकरण वगळायचं.

टपालाबरोबर आलेले लाल रबरबँड मी जपून ठेवतो, ते कामी आले. उद्या लायब्ररीत जाऊन नऊही प्रतींची तेवढी पानं रबराने बांधून टाकीन.

जेवलो.

शनिवार, २१ जानेवारी

आठ. रबरबँड सगळे जागच्या जागी. याला म्हणतात शिस्त.

टायरेलच्या मनगटात एक लाल रबरबँड दिसला. त्यांच्याकडेही टपाल येतच असेल.

मार्डेलच्या नावाने बियाण्यांचा कॅटलॉग आलाय. दरवर्षी याच सुमाराला येतो. शेपू, मुळा, बुटके झेंडू, नेहमीप्रमाणे ऑर्डर भरून पाठवली.

शनिवार, २८ जानेवारी. दुपार

मुलांनी गोष्ट नुसती ऐकू नये, जगावी, या विचाराने आज प्रात्यक्षिक ठेवलं होतं. अँडर्सकडे लाकूड नसतं, म्हणून तो वाळलेल्या गवताला पीळ देऊन त्याच्या कांड्या करतो आणि त्या चुलीत जाळतो. शेजारून अर्धी गासडी गवत आणलं. लायब्ररीच्या तळघरात टर्की भाजायची मोठी परात आहे, त्यात आम्ही ते पेटवलं.

जळतं छान. धूर मात्र पुस्तकात लिहिल्यापेक्षा जास्त होतो.

गावचा भोंगा वाजला. बंब आला. आमच्याकडे आग विझवायला गावातलेच बाप्ये येतात, त्यामुळे सगळ्या मुलांचे वडील एकदम हजर. पालकांचा इतका प्रतिसाद मार्डेलला सव्वीस वर्षांत मिळाला नव्हता. ग्लेन सोरेनसन त्यांचा मुख्य. तो परातीकडे बघत म्हणाला, व्हर्जिल, तू आपल्या गारा मोज बाबा, आग आमच्याकडे राहू दे. मग टोपी काढून म्हणाला, बाकी कसं काय? म्हटलं, ठीक. म्हणाला, मंगळवारी बर्फ येणार म्हणतात. म्हटलं, हो, मीही ऐकलं. म्हणाला, बरं मग. आमच्याकडे माणसं एकमेकांची चौकशी करतात ती अशी, नेमकी.

लायब्ररीचं नुकसान: एक परात, छताचा एक कोपरा. तीन टक्के.

मुलं पहिल्यांदाच हसली, बंब आल्यावर. त्याचं श्रेय ग्लेनला गेलं याचं वाईट वाटलं.

शनिवार, ४ फेब्रुवारी

सहा. बास्केटबॉलचे सामने आहेत.

प्रकरण नऊ व दहा. मक्याच्या पिठाची लापशी काकवी घालून करून नेली होती, सिग्ने करते तशी. खाली लागली, पण सिग्नेचीही लागत असणार. प्रत्येकाने एकेक चमचा घेतला आणि म्हटलं, वेगळीच आहे. आता, आमच्या गावात मोठी माणसं एखाद्या पदार्थाला वेगळा म्हणाली की तो कुत्र्याला घालायचा असतो, हे मला माहीत आहे. पण मुलं लहान आहेत, त्यांना अजून ते वळण लागलेलं नसावं. उरलेली आठवडाभर मीच खाणार. वाया काही जात नाही.

शनिवार, ११ फेब्रुवारी

सहा.

आज दहावरून थेट बारावर गेलो. कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण बाराव्याच्या सुरुवातीला टेबलाभोवती अँडर्स आणि मुलं तेवढी बसलेली आहेत. चष्मेवाल्या एका लहान मुलाने विचारलं की सिग्ने कुठंय.

म्हटलं, ती मिनेसोटाला बहिणीकडे गेली आहे.

प्रसंगावधान लागतं. मी शेतकऱ्यांच्या तोंडावर साठ टक्के, सत्तर टक्के असं सांगत आलो, तिथे हे काय. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. टायरेलने तोंड उघडलं, पण जनेलने त्याच्या बुटावर बूट ठेवला आणि म्हणाली, हो, मिनेसोटालाच गेली असेल. तिथे बर्फ असेल ना, म्हणून परत यायला वेळ लागत असेल. बाकीच्यांनी माना हलवल्या. एक मुलगी म्हणाली, तिकडे तिला बरं वाटत असेल.

सगळ्यांना पटलं. कथा वगळूनही सलग राहू शकते, हे सिद्ध झालं. मार्डेलला सांगायला हवं होतं.

लव्हॉन पुस्तकं लावत होती, ती मध्येच उठून बाहेर गेली.

शनिवार, १८ फेब्रुवारी

तीन मुलं. रस्ते निसरडे.

(रस्ते निसरडे नव्हते. पण मुलांच्या आयांना वाटले असतील.)

लव्हॉनने हळूच विचारलं की लोकांची भांडी परत केलीस का. नोव्हेंबरात घरोघरून जेवणं आली, त्या भांड्यांच्या बुडाला पट्टी चिकटवून बायकांनी नावं लिहिलेली असतात. जेवण संपलं की भांडं धुऊन त्या नावाच्या घरी पोचवायचं, ही रीत आहे. चौदा भांडी आहेत. म्हटलं, पट्ट्या निघाल्या, कुणाचं कोणतं ते कळत नाही. पट्ट्या निघालेल्या नाहीत. पण भांडं परत करायला गेलं की आत बसवतात, कॉफी देतात, आणि मान एका बाजूला कलती करून बघत राहतात. मला तेवढा वेळ नाही. अजून बारा प्रकरणांचे प्रश्न काढायचे आहेत.

झोप उत्तम. तीन ते पाच.

शनिवार, २५ फेब्रुवारी

दोन. ग्लेनची दोन्ही मुलं. हात धुऊन, भांग पाडून आली होती.

छोट्या गटाचे फायदे मोठे असतात. प्रत्येकाकडे लक्ष देता येतं. मी दोघांकडे तासभर लक्ष दिलं.

शनिवार, ४ मार्च

कुणी नाही.

दहा ते अकरा बसलो. वेळ वाया घालवायचा नाही म्हणून प्रकरण सोळा मोठ्याने वाचलं, वीस प्रश्न विचारले, आणि त्यांची उत्तरंही दिली. सतरा बरोबर आली. चर्चा चांगली झाली.

अकराला लव्हॉन आत आली. म्हणाली, ऱ्हाइनहार्टांकडे सगळ्यांना फ्लू झालाय रे, त्यामुळे. म्हटलं, एकट्या ऱ्हाइनहार्टांच्या फ्लूने अख्खा वर्ग कसा रिकामा होईल? ती म्हणाली, तेही खरंच. आणि खुर्च्या नीट करू लागली. खुर्च्या नीटच होत्या.

शनिवार, ११ मार्च

आज कळलं. जसं कळलं तसं लिहितो.

दोन मुलं, जनेल आणि टायरेल. जनेल पाणी प्यायला गेली तेवढ्यात टायरेलला विचारलं की बाकीचे का येत नाहीत. तो म्हणाला, आज आमची पाळी आहे.

कसली पाळी?

तुमच्याकडे बसायची, म्हणाला. चर्चमध्ये कागद लावलाय. मागच्या वेळी ऱ्हाइनहार्टांची होती, पण ते सगळे ओकत होते.

मग पोराच्या तोंडाला कुलूपच राहिलं नाही. पहिल्या दिवसापासून आयांनी बजावलं होतं, म्हणे: मार्डेलबाईंचं नाव काढायचं नाही, अकराव्या प्रकरणाचं नाव काढायचं नाही, शहाण्यासारखं बसायचं, ते काय देतील ते खायचं. त्याला म्हणाल्या, तू तर तोंडच उघडू नकोस. फेब्रुवारीत मुलं यायला कंटाळली, तेव्हा पाळ्या लावल्या. आणि पुस्तक ते सगळे बुधवारी संध्याकाळी वाचतात, चर्चच्या तळघरात. अकरा जण आहेत. अकरावं प्रकरण तीनदा वाचून झालंय. रबरबँड मस्त ताणतात, म्हणाला.

जनेल परत आली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. मी प्रकरण सतराचे प्रश्न पुढे चालू ठेवले.

रात्री समितीला कडक पत्र लिहिलं. दोन पानं. पाठवलं नाही. पत्त्यासाठी पाकीट सापडेना.

बुधवार, १५ मार्च

चर्चमध्ये जाऊन कागद पाहिला. कॉफीच्या टेबलाशेजारी फळ्यावर लावलाय. वर लिहिलंय, व्हर्जिलकडे बसणे. खाली तारखा, तारखेपुढे घराचं नाव. त्याच्या शेजारी नोव्हेंबरचा जुना कागद अजून तसाच आहे: व्हर्जिलकडे जेवण. अक्षर तेच, रकाने तेच. काही घरांची नावंही तीच.

तळघरातून आरडाओरडा येत होता. जिन्यात उभा राहून ऐकलं. अँडर्सने सिग्नेला छपरात ठेवलं ते बरोबर की चूक, यावर भांडण पेटलं होतं. एक मुलगा म्हणत होता, मग काय कोल्ह्यांना द्यायची होती? जनेल म्हणत होती, प्रश्न तो नाहीच, त्याने मुलांना का नाही सांगितलं? मग कुणीतरी म्हणालं की आधी ज्यांची जमीन होती त्यांनाही आपली माणसं इथेच सोडून जावं लागलं, त्यांचं काय. त्यावर सगळे एकदम बोलायला लागले.

मी माझ्या तासाला मोजून दोन प्रश्न ऐकले होते. एक ‘इतर विषय’ मध्ये टाकला, दुसरा मिनेसोटाला पाठवला.

खाली गेलो नाही. गाडीत बसलो. गाडी चालू करायची राहिली, ते बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

शनिवार, १८ मार्च

जेन्सेनांची तीन मुलं आली. म्हटलं, पाळी माफ, घरी जा. मोठा म्हणाला, नाही नाही, आम्हाला आवडतं. म्हटलं, बाळा, जा. बिचारे उड्या मारत गेले. मग अर्ध्यातून परत येऊन धाकट्याने विचारलं की मी जेवलो का.

संकल्प: बुधवारी खाली जायचं. पाहणी करायला. पद्धत काय आहे, कुठे सुधारता येईल, ते टिपून घ्यायचं. अकराव्या प्रकरणावर वीस प्रश्न काढून न्यायचे.

बुधवार, २२ मार्च. रात्री

प्रश्न निघाले नाहीत. फाइलमध्ये कोरा कागद घालून नेला.

मी जिन्यावरून उतरलो तशी अकराही मुलं गप्प झाली. तीच टिकटिक. लव्हॉन कोपऱ्यात विणत बसली होती, तिच्या सुया थांबल्या. जनेलने उठून एक खुर्ची पुढे केली. रविवारच्या शाळेतली, बुटकी. गुडघे हनुवटीला लागले. कुणी हसलं नाही, ते मला सहन झालं नाही. म्हटलं, अकरावं वाचा.

जनेलने लव्हॉनकडे पाहिलं. लव्हॉन म्हणाली, वाच.

तिने वाचलं. चांगलं वाचते, घाई करत नाही. अँडर्स पहाटे उठतो. बादली घेतो. छपराच्या दाराशी थांबतो आणि सांगतो, सिग्ने, आज वारा उत्तरेकडून आहे. दुसऱ्या दिवशी सांगतो, आज थोडं उघडलंय. असं रोज. मी यावेळी शेवटपर्यंत ऐकलं, कारण बुटक्या खुर्चीतून मला पटकन उठता आलं नाही.

वाचून झालं. टायरेल म्हणाला, तो वेडा आहे का? ती मेलीय, तिला हवामान कशाला सांगतो? जनेलने बूट शोधला, पण तो लांब बसला होता. आणि हा पोरगा माझ्याकडेच बघत होता, खरंच उत्तर हवं असल्यासारखा.

मी म्हटलं, तो वेडा नाही.

मग सांगितलं. बारा नोव्हेंबर, शनिवार. सकाळचे नऊ वाजून गेले होते. मार्डेल स्वयंपाकघरात होती, तुमच्यासाठी बिस्किटं डब्यात भरत होती. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीवर हवामान बघत होतो. तिथूनच ओरडून सांगितलं, दुपारनंतर बर्फ आहे, बूट घालून जा. उत्तर आलं नाही. मला वाटलं, रागावली आहे. आदल्या दिवशी गाडीच्या टायरवरून बोलाचाली झाली होती आमची. मी म्हटलं, राहू दे रागावलेली. बातम्यांतला अंदाज पूर्ण होईपर्यंत बसून राहिलो. पुढच्या आठवड्याचासुद्धा ऐकला. मध्ये एकदा तिला सांगितलं की गुरुवारी उघडणार आहे.

शेवटी म्हटलं, ती मला हवी आहे. हे मोठ्याने म्हणालो असं वाटतं, कारण लव्हॉनने विणकाम खाली ठेवलं.

कुणी मान कलती केली नाही. जनेल म्हणाली की त्या दिवशी ते सगळे लायब्ररीच्या पायरीवर सव्वाअकरापर्यंत थांबले होते. बर्फ सुरू झाला तरी. मार्डेलबाई कधी उशीर करायच्या नाहीत, म्हणून घरी जावंसं वाटेना. मग लव्हॉन आली. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

ऱ्हाइनहार्टांची मुलगी म्हणाली, त्या पुस्तक मांडीवर पालथं ठेवायच्या ना, तेव्हा मला फार बरं वाटायचं. मग एकेक जण सुरू झाला. ती हसायची कशी, शिंकायची कशी, एकदा वाचताना स्वतःच रडली आणि म्हणाली, थांबा रे, नाक पुसते. पाऊण तास ते मार्डेलबद्दल बोलत होते. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी शनिवारी सकाळी घरीच असायचो.

निघताना टायरेलने विचारलं, तुम्ही कधी रडलात? म्हटलं, अजून नाही. तो म्हणाला, अँडर्सलाही वेळ लागतो.

शनिवार, २५ मार्च. सकाळी सव्वाअकरा

काल समितीची बैठक झाली. शनिवारची खोली आयकरवाल्यांना दिली. मी म्हटलं, योग्य निर्णय. ग्लेन समितीवर आहे. तो म्हणाला, व्हर्जिल, मार्डेल फार चांगली होती. हवामानाबद्दल काही बोलला नाही. मग मीच म्हटलं की उद्या उघडणार आहे.

नऊला जनेलचा फोन आला. मुलांनी हात वर करून मत घेतलं. बुधवारचा वर्ग मी चालवावा का, यावर एकही हात वर गेला नाही. मी नुसतं येऊन बसावं का, यावर अकरा. फाइल आणायची नाही, प्रश्न आणायचे नाहीत. खाऊ आणू का विचारलं तर जरा थांबून म्हणाली, नको, तुम्ही कागदी ताटल्या आणा. आमच्या चर्चमध्ये ज्या बाप्याला काहीच येत नाही, त्याला ताटल्या आणायला सांगतात. म्हटलं, आणतो.

दहा वाजले. कोट घातला, मग आठवलं की आता कुठे जायचं नाही. कोट घालूनच स्वयंपाकघरात बसलो.

दहा ते अकरा रडलो. तयारी केलेली नव्हती. नाक पुसायला जवळ काही नव्हतं, उठायचंही सुचलं नाही, शेवटी कोटाच्या बाहीलाच पुसलं. मार्डेल वारली. अकरा वाजले तसा थांबलो आणि कोट धुवायला टाकला.